मेंढीकोटाचे चार रविवार

पत्त्यांत खुणा करणाऱ्या माणसांची मला शिसारी येते. आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात खूण करणारा मीच आहे.

आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांपासून आहे ते आमच्यात कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडताना जे आधी तोंडात येईल ते, असा आमचा कारभार. इतर घराण्यांत पिढीजात काय काय असतं, दागिने असतात, देव असतात, जमिनीचे खटले असतात. आमच्यात मेंढीकोट आहे. पोरगं हुशार की मठ्ठ, जावई भरवशाचा की नुसता फेकाफेकी करणारा, सून रागीट की सोसणारी, हे सगळं आमच्याकडं पत्त्यांच्या डावावरून ठरायचं. माझं लग्न जमत होतं तेव्हा वडिलांनी मुलीला स्वयंपाक येतो का हे विचारलंच नाही. पत्ते मागवले. ती दोन डाव बरी खेळली म्हणून माझा संसार उभा राहिला. लहानपणी मला याचं फार कौतुक वाटायचं. आता या खोडीचा मला वीट आलाय, आणि का ते सांगतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. चौऱ्याहत्तर वर्षांची. घड्याळाच्या कारखान्यात जोडणीच्या बाकावर तिची सगळी नोकरी गेली, डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढे स्क्रू बसवण्यात. नवरा गेल्यापासून राजाजीनगरात एकटीच राहते. म्हणजे राहायची. दोन खोल्या, पुढं हातभर अंगण, त्यात कढीपत्त्याचं झाड. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या फोडणीत त्या झाडाची पानं पडायची आणि त्या निमित्तानं बायका फाटकाशी उभ्या राहून अर्धा-अर्धा तास बोलायच्या. मी तिथून दोन गल्ल्या पलीकडं. तिचा एकुलता एक मुलगा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीत, नवव्या मजल्यावर. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. बायको पुण्याची, तीही तसल्याच कंपनीत.

गेल्या उन्हाळ्यात अक्कानं दूध गॅसवर ठेवलं आणि बाहेरून कुलूप लावून भाजीला गेली. धूर बघून शेजारच्यांनी मला फोन केला. त्यानंतर महिन्याभरात ती के. आर. पुरमला एका लग्नाला निघाली आणि स्टेशनच्या बाकावर दीड तास बसून राहिली. कुठल्या हॉलला जायचं तेच आठवेना. पत्रिका पिशवीत होती, पण पिशवीत पत्रिका आहे हेही आठवेना. स्टेशनातल्या कुणीतरी मला फोन केला. मी रिक्षा करून गेलो तेव्हा ती शांत बसली होती. मला म्हणाली, "तम्मा, इथं वारा चांगला येतो." धाकटा भाऊ म्हणून मला ती तम्मा म्हणते. मी भाच्याला यातलं काही सांगितलं नाही.

पण भाच्याला कळायचं ते कळलंच. तो बायकोला घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, आईला आता मी घेऊन जाणार."

अक्का म्हणाली, "मी यायची नाही. नवव्या मजल्यावर मी काय करू? खाली उतरायचं तर लिफ्ट, वर यायचं तर लिफ्ट, आणि मध्ये बोलायला कोण, वॉचमन? माझ्या घराची किल्ली माझ्या कमरेला आहे तोवर मी इथंच."

"आई, घर पेटलं असतं तर?"

"पेटलं नाही ना."

हे असंच दोन तास चाललं. भाचा रडकुंडीला आला, अक्का हट्टाला पेटली, आणि मला नको तिथं तोंड घालायची जन्माची सवय. मी म्हणालो, "तिच्या डोक्याला काय झालंय? बावन्न पानं आजही तिच्या ध्यानात राहतात. खेळून बघा. ती आणि मी एका बाजूला, तुम्ही दोघं एका बाजूला. तीन रविवार. त्यातले दोन आम्ही जिंकलो तर अक्का इथंच राहणार आणि सकाळ-संध्याकाळ मी येऊन बघणार. हरलो तर घेऊन जा." वर छातीही ठोकली.

आता विचार करतो तेव्हा माझी मलाच किळस येते. माणसानं आपल्या घरात राहावं की नाही, हे पत्त्यांवर लावायचं. असली अक्कल फक्त आमच्या घराण्यात निघू शकते. बाहेरच्या एकीला ते तेव्हाच कळलं होतं. सूनबाई म्हणाली, "मामा, पण यात लक पण असतं ना? आणि एखादे दिवशी त्यांचा मूड नसेल तर? आपण प्रॉपर डॉक्टरांना दाखवू या ना."

मी तिला म्हणालो, "तू नवीन आहेस, तुला नाही कळायचं."

आणि अक्का म्हणाली, "सरी. तीनातले दोन." ती एकदा सरी म्हणाली की विषय संपला.

सूनबाईला खेळ येत नव्हता. फोनवर कसला तरी पत्त्यांचा खेळ खेळायची ती, त्यात पानं आपोआप वाटली जायची आणि जिंकलं की नाणी पडल्याचा आवाज व्हायचा. मला तसल्या खेळाचाही तिटकारा आहे, पण तिला शिकवायचं माझ्यावरच आलं. मी सांगितलं ते असं. चौघांनी बसायचं, समोरासमोरचे दोघं भिडू. तेरा-तेरा पानं. एकानं पान उतरायचं, बाकीच्यांनी त्याच रंगाचं टाकायचं, सगळ्यात मोठं पान ज्याचं त्याचा हात, आणि पुढची उतारी त्याची. रंगच नसला तर दुसरं काहीही टाकता येतं. असं ज्याच्यावर पहिल्यांदा येईल, तो टाकेल त्या रंगाचा हुकूम, आणि मग हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. पण नुसते हात करून उपयोग नाही. चार रंगांच्या चार दश्श्या, त्यांना आम्ही मेंढ्या म्हणतो. तीन मेंढ्या ज्यांच्याकडं त्यांचा डाव. चारही आल्या तर समोरच्यांवर कोट चढला, त्यासारखी नाचक्की नाही. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त त्यांचा डाव.

"म्हणजे टेन सांभाळायचा आणि बाकी सगळं लक्षात ठेवायचं," ती म्हणाली.

"एवढंच. आणि भिडूशी बोलायचं नाही. हातानं, डोळ्यानं, नाकानं, कशानंच नाही."

यावरून अक्कानं तिला आमच्या एका लांबच्या काकांची गोष्ट सांगितली. ते कान खाजवायचे म्हणजे एक्का, मिशी ओढायचे म्हणजे राजा, आणि घसा खाकरायचे म्हणजे थांब, ते पान उतरू नकोस. घसा खाकरून नंतर खिडकीतून थुंकायचेही, खूण खरी वाटावी म्हणून. आम्हा पोरांना या खुणा पाठ होत्या. वडिलांनी एक दिवस त्यांचे पत्ते गोळा करून घेतले आणि परत कधी वाटले नाहीत. सूनबाई हसून-हसून बेजार झाली. अक्का हसली नाही. ती म्हणाली, "भिडूवर भरवसा नसला की माणूस खुणा करतो. मग एकट्यानं पेशन्स खेळावं."

पहिला रविवार आला. दुपारी जेवणं झाल्यावर जमिनीवर चादर अंथरून बसलो. रविवारी पाच डाव, तीन जिंकेल त्याचा रविवार. पहिल्या दोन डावांत मेंढ्या आमच्याकडं अशा चालत आल्या की मला वाटलं, आज नशीबच उघडलंय. तिसऱ्या डावात भाच्याच्या हातात किल्वरची छक्की असताना त्यानं अक्काच्या एक्क्याखाली किल्वरची दश्शी टाकली. छक्की पुढच्याच हाताला बाहेर आली. म्हणजे पठ्ठ्या आईला मुद्दाम जिंकवत होता. वर म्हणतो, "वा, आई, मस्त." पाच वर्षांच्या पोरीला म्हणावं तसं.

मला इतका संताप आला की हातातले पत्ते त्याच्या तोंडावर फेकावेसे वाटले. म्हातारी माणसं म्हणजे यांना काय खेळणी वाटतात? टाळ्या काय वाजवतात, गालगुच्चे काय घेतात. त्यांच्या त्या मारतहळ्ळीच्या इमारतीत म्हाताऱ्यांसाठी वेगळा कोपरा आहे, तिथं एक बाई येऊन त्यांना फुगे उडवायला लावते. मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्यांनी जन्मभर माणसं हाताखाली राबवली ते दुपारी चार वाजता फुगे उडवतात आणि ती बाई 'व्हेरी गुड अंकल' म्हणते. बघून मळमळतं.

अक्का ओरडली नाही. तिनं जिंकलेले हात एकत्र केले, गड्डीत मिसळले आणि म्हणाली, "हा रविवार धरायचा नाही. पुढच्या रविवारी खेळायचं असेल तरच या." भाचा खाली मान घालून बसला. सूनबाई त्याला म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं." म्हणजे तिला ठाऊक होतं आणि पटलं नव्हतं. तेव्हापासून ती मला जरा बरी वाटायला लागली.

पुढच्या रविवारी ते खेळायला आले, आणि आम्ही हरलो. नुसतं हरलो नाही. अक्कानं दुसऱ्या डावात तीनदा विचारलं, "हुकूम कुठला?" चौकटचा हुकूम तिच्याच पानानं पडला होता. चौथ्या डावात तिनं इस्पिकची दश्शी सरळ उतरली, एक्का अजून बाहेर असताना. सूनबाईनं एक्का टाकला, पण तो टाकताना तिचा हात अडखळला. हात उचलून घेताना ती म्हणाली, "सॉरी आई." अक्का म्हणाली, "सॉरी कशाला? माझी चूक." ते दोघं गेल्यावर मी पत्ते आवरत होतो आणि ती फाटकापाशी जाऊन कढीपत्त्याच्या वाळक्या काड्या मोडत उभी होती. मी आत बोलावलं तरी आली नाही.

त्या आठवड्यात मला झोप लागेना. बायको म्हणाली, "तुम्हीच लावलंत ना हे सगळं? आता भोगा." बरोबरच होतं तिचं. रोज संध्याकाळी मी अक्काकडं जायचो आणि कुठल्या तरी निमित्तानं तिची परीक्षा घ्यायचो. काल भाजी कुठली केली होतीस, गेल्या महिन्यात कोण आलं होतं. तिला ते कळत असणार. एकदा ती म्हणाली, "तम्मा, तू आधी माझ्याशी बोलायला यायचास." मी हसून वेळ मारून नेली.

तिसऱ्या रविवारी आम्ही जिंकलो, आणि असे जिंकलो की भाच्यावर अक्कानं कोट चढवला. चारही मेंढ्या आमच्या. त्यातल्या तीन तिनं घेतल्या, एक मी. भाचाही मनापासून हसला. आता बरोबरी झाली होती. चौथ्या रविवारी जो जिंकेल त्याचं खरं.

चौथ्या रविवारी अक्का नवी साडी नेसून बसली होती. दोन डाव त्यांचे, दोन आमचे. पाचवा डाव सुरू झाला तेव्हा बाहेर उन्हं उतरायला लागली होती. हुकूम इस्पिकचा पडला. मी त्या डावात पानांकडं बघतच नव्हतो. मी अक्काच्या तोंडाकडं बघत होतो. ती कपाळाला आठी घालते का, ओठ हलतात का, कुठल्या पानाशी बोट थांबतं, एवढंच माझं चाललं होतं. माझी पानं मी रंगाला रंग बघून टाकत होतो.

दहा हात झाले. हुकमाची तेराही पानं पडून गेली होती. मेंढ्या आमच्याकडं दोन, त्यांच्याकडं एक. हात त्यांचे सहा, आमचे चार. राहिली होती बदामाची दश्शी, आणि ती अक्काकडं होती, कारण माझ्याकडं नव्हती आणि त्या दोघांकडं असती तर त्यांनी आपल्या एखाद्या हातात ती केव्हाच सोडवून घेतली असती. उतारी अक्काची. दश्शीवर हात केला तर तीन मेंढ्या, डाव आमचा, घर तिचं. आणि दश्शी मारली गेली तर मेंढ्या दोन-दोन आणि हात त्यांचे सात.

अक्कानं तीन पानांमधून एक पान अर्धं वर काढलं. तिचं बोट बघून मला कळलं की ती दश्शी उतरणार. मी मनात मोजलं. बदामाचा एक्का गेला. राजा गेला. राणी गेली. गुलाम? गुलाम गेलेला मला आठवेना. म्हणजे गुलाम बाहेर आहे. म्हणजे ती विसरली. मागच्यासारखीच विसरली, आणि आता ते पान पडलं की सगळं संपलं.

मी घसा खाकरला.

चांगला दोनदा खाकरला, त्या काकांसारखा. मला वाटलं, भाच्याला काही कळणार नाही, म्हाताऱ्याला खोकला आला असं समजेल. त्याला नाहीच कळलं. तो म्हणाला, "मामा, पाणी देऊ?" सूनबाईनं मात्र मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं, आणि लगेच दुसरीकडं बघायला लागली. गलिच्छ वस्तूवरून नजर काढावी तशी.

अक्काचा हात तसाच राहिला. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मी तिच्या रागाला साठ वर्षं सरावलो आहे. ती म्हणाली, "गुलाम ना?"

मी हातातली तीन पानं खालीवर करायला लागलो.

"गुलाम गेला. पोरानं बदाम उतरलं तेव्हा. त्यावर गुलाम पडला, त्यावर हिची राणी, मग माझा एक्का." मग थांबून म्हणाली, "गुलाम तूच टाकलास, तम्मा."

आणि तिनं दश्शी खाली ठेवली. भाच्यानं बदामाची अठ्ठी टाकली, मी चौकटचं काहीतरी टाकलं, सूनबाईनं बदामाची पंजी. हात अक्काचा. तिनं मेंढी उचलून बाकीच्या दोन मेंढ्यांशेजारी नीट ओळीनं मांडली. आम्ही जिंकलो होतो.

भाचा चांगला पोरगा आहे, खरंच सांगतो. तो लगेच म्हणाला, "ठरलं ते ठरलं, आई. तू इथंच राहा. मी परत विषय काढणार नाही."

अक्का चादरीची घडी घालायला लागली. सूनबाईनं दुसरं टोक धरलं. घडी झाल्यावर अक्का म्हणाली, "शनिवारी गाडी घेऊन ये. स्वयंपाकघरातलं काही न्यायचं नाही, नुसते कपडे आणि देव."

"पण तू तर जिंकलीस," भाचा म्हणाला.

"मी जिंकले रे. पण इथं राहायचं म्हणजे याच्या भरवशावर राहायचं. सकाळ-संध्याकाळ हा येऊन बघणार. आणि हा मला बघतो म्हणजे काय बघतो, ते आज मला कळलं."

मी म्हणालो, "अक्का, चुकलं माझं. तुझ्यासाठीच केलं ना मी."

"स्वल्प गप बस," ती म्हणाली. नेहमी म्हणते तसंच म्हणाली, आवाज न चढवता, आणि चहा टाकायला आत गेली. गॅस लावला, चहा केला, गॅस बंद केला. मी दारात उभा राहून ते बघत होतो, आणि मी काय बघतोय हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा तिथून पळून जावंसं वाटलं. असला मी माणूस. दुसऱ्यानं आपल्या आईला खोटं जिंकवलं तर मला संताप येतो, आणि मी स्वतः तिला चालू डावात वेडी ठरवतो.

शनिवारी ती गेली. किल्ली तिनं माझ्याकडं दिली नाही. समोरच्या घरातल्या बाईकडं दिली, कढीपत्ता लागला तर आत यायला.

मी महिन्यातून दोनदा मारतहळ्ळीला जातो. मेट्रो, मग बस, मग पूल ओलांडून चालत, दीड-दोन तास मोडतात. तिथं ती फुगे उडवत नाही. त्या कोपऱ्यातल्या चार बायकांना तिनं मेंढीकोट शिकवला आहे, एक तमिळ, एक बंगाली, दोन कन्नड, आणि फुगेवाली बाई आता चहा घेऊन बाजूला बसते. घरी आम्ही चौघं बसतो तेव्हा अक्काची भिडू सूनबाई असते. मला तिनं भाच्यासमोर बसवलंय. मधूनमधून विसरतेही ती, नाही असं नाही. हुकूम विचारते. सूनबाई सांगते आणि खेळ पुढं चालतो, कुणाचं काही बिघडत नाही.

मागच्या खेपेला पत्ते पिसता पिसता मी म्हणालो, "अक्का, आता बस झालं. परत चल ना राजाजीनगरला."

तिनं गड्डी माझ्या हातातून घेतली. "तिथं आता माझं कोण आहे?" म्हणाली, आणि पानं वाटायला लागली.